‘आखाजीला माहेरी गेल्या होत्या का?’

धुळ्यात मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: पुस्तकातले बहुतेक प्रयोग अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांवर झालेले आहेत. आपल्या गावातल्या माणसांना ते लागू पडतात का? समाज आणि संस्कृती मन आतून घडवतात, की मन सगळीकडे सारखंच आणि वरचा रंग तेवढा वेगळा? शिवाय तिला लघुप्रबंधासाठी विषय हवा आहे.

पुस्तकी उत्तर तुम्हाला तुमचे सर देतीलच. मी जळगावात वीस वर्षांहून जास्त काळ मनोविकारतज्ज्ञ म्हणून बसतो आणि महिन्यातून एकदा सातपुड्यात शिबिराला जातो, तेव्हा मी दवाखान्यातलं उत्तर देतो. माझं मत असं झालंय की समाज माणसाला सगळ्यात आधी लाज शिकवतो. कशाची वाटायला हवी, कशाची नको, कोणासमोर वाटायला हवी. मग मनाचं दुखणं त्या लाजेला वळसा घालून जिथून वाट मिळेल तिथून बाहेर येतं. रंगाची गोष्ट त्यानंतरची.

हे मी शिकलो ते एका चुकीतून. (इथल्या सगळ्या रुग्णांचे तपशील मी ओळख पटणार नाही इतके बदलले आहेत.)

प्रॅक्टिस सुरू करून दोनेक वर्षं झाली असतील. पारोळ्याकडची पस्तिशीतली एक बाई नवऱ्याबरोबर आली. हातात पिशवी, पिशवीत फाइल, फाइलमध्ये डोक्याचा एमआरआय, थायरॉइड, साखर, दोन ईसीजी, एक एंडोस्कोपी. सगळं नॉर्मल. तक्रार एकच: ‘डोकामा मुंग्या चालतस, आंगनी आग व्हस.’ माझी प्रश्नावली तोंडपाठ होती. उदास वाटतं का? नाही. रडू येतं का? नाही. जगण्यात रस वाटेनासा झालाय का? मी ‘पासपोर्ट आहे का?’ असं विचारल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. मी लिहिलं, ‘नैराश्याची लक्षणं नाहीत’, आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या.

दीड वर्षाने ती परत आली. फाइल आणखी जाड, वजन आठ किलोने कमी. वैशाखातले दिवस, बाहेर जळगावचं ते नेहमीचं ऊन, आखाजी होऊन आठवडा झालेला. नवरा पाणी आणायला बाहेर गेला होता. मी नुसतं बोलायचं म्हणून विचारलं, ‘आखाजीला माहेरी गेल्या होत्या का?’

ती पंधरा मिनिटं रडली. मी एक शब्द बोललो नाही. त्या दिवशी तेवढं एकच शहाणपण केलं.

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो. अक्षय्य तृतीया म्हणजे इतरत्र सोनं घ्यायचा मुहूर्त, इथे ती आखाजी. निंबाला झोके बांधतात, गौराई बसते, पितरांच्या नावाने घागर भरतात, पुरणपोळी आणि आमरस होतो, आणि लग्न झालेल्या लेकी माहेरी येतात. त्यांना आणायला भाऊ नाहीतर चुलतभाऊ मुराळी म्हणून जातो. मुराळी येणं ही बाईची गावातली पत असते. दुपारी गल्लीतल्या सगळ्या सुना एकेक करून निघतात आणि एखादीच मागे राहते, तेव्हा ती का राहिली हे कोणी विचारत नाही. सगळ्यांना माहीत असतं.

हिचा मुराळी दोन वर्षं आला नव्हता. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क देणारी दुरुस्ती २००५ मध्ये झाली, आणि त्यानंतर गावोगावी बहिणींकडून हक्कसोड लिहून घ्यायची घाई सुरू झाली. हिने सही केली नव्हती. हट्टाने नव्हे, नवऱ्याने ‘थांब जरा’ म्हटलं म्हणून. म्हणजे सही करावी तर नवरा नाराज, न करावी तर भाऊ. आता या बाईने नवऱ्याच्या देखत मला ‘मी दुःखी आहे’ असं कसं सांगावं? तिच्या जगात दुःखी असणं म्हणजे कोणावर तरी आरोप करणं. एक तर सासरवर, नाहीतर माहेरवर. डोक्यातल्या मुंग्या कोणाचं नाव घेत नाहीत.

मुंग्या खोट्या होत्या असं मात्र समजू नका. तिला त्या खरोखर जाणवत होत्या, रात्री केस उपटावेसे वाटत होते. आपल्याकडची माणसं भावना ओळखू शकत नाहीत, म्हणून शरीराच्या तक्रारी सांगतात, असं एक जुनं मत पुस्तकांत अजून सापडतं. मला ते साफ चुकीचं वाटतं. बंगळुरूमध्ये रघुराम, वाइस आणि सहकाऱ्यांनी ८० रुग्णांचा एक अभ्यास केला, तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्याची लक्षणं जितकी जास्त तितकी रुग्णाला कलंकाची भीती जास्त, आणि शारीरिक लक्षणं जास्त तिथे ती कमी, असं त्यात दिसलं. अंगदुखी सगळ्यांनाच होते, ती सांगता येते. मनाचं सांगितलं तर ते लपवायला हवं होतं असं वाटतं. म्हणजे रुग्णाला दोन्ही कळत असतात, आणि कोणतं चारचौघांत बोलण्याजोगं आहे हेही चांगलं कळतं. आमच्या बाईने तेच केलं. अडाणी मी होतो.

तेव्हापासून पहिल्या भेटीत मी ‘उदास वाटतं का’ हा प्रश्न विचारत नाही. जेवण गोड लागतं का, शेजारी बसायला जाता का, यंदा आखाजीला कोण आणायला आलं होतं, कानबाईच्या रोटांना भाऊबंदकीत तुम्हाला बोलावतात का, असं विचारतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही आमची खानदेशी देवी बसते, तेव्हा सुरतेला गेलेली घरंसुद्धा रोट, म्हणजे भाऊबंदांनी एकत्र खायचा तिचा प्रसाद, खायला गावी येतात. रोटांना कोण कोणाबरोबर बसलं आणि कोणाचा रोट वेगळा झाला, यावरून त्या घराचं जेवढं कळतं तेवढं माझ्या छापील फॉर्मवरून कधी कळलं नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. प्रयोग लागू पडतात का?

हेनरिक, हाइन आणि नोरेनझायन या तिघांनी २०१० मध्ये हा प्रश्न जगासमोर ठेवला. मानसशास्त्राच्या मोठ्या नियतकालिकांतले ९६ टक्के सहभागी जगाच्या जेमतेम १२ टक्के लोकसंख्येतून आलेले आहेत, आणि हे १२ टक्के बऱ्याच बाबतींत माणसाचा सरासरी नमुना तर नाहीतच, उलट टोकाला बसतात, असं त्यांनी दाखवलं. साधं डोळ्यांचंच घ्या. दोन सारख्या रेषा, एकीच्या टोकांना बाण आत, दुसरीच्या बाहेर, ही म्युलर-लायरची आकृती तुम्ही पाहिली असेल. डोळ्यांना एक रेष लांब दिसतेच, असं आपण धरून चालतो. पण सेगल, कॅम्पबेल आणि हर्सकोविट्स यांनी १९६० च्या दशकात अनेक समाजांत मोजलं, तर अमेरिकेतल्या लोकांना हा भास सर्वांत जास्त होत होता आणि काही समाजांना जवळजवळ होतच नव्हता. चौकोनी खोल्यांच्या कोपऱ्यांत वाढल्याने असं होतं, असं त्यांचं म्हणणं. कारणाबद्दल वाद आहे, फरकाबद्दल फारसा नाही.

मला त्याहून जवळचा वाटतो तो लुरियाचा अनुभव. हा रशियन मानसशास्त्रज्ञ १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेला. त्याने शाळेत न गेलेल्या शेतकऱ्यांना हातोडी, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका अशी चित्रं दाखवली आणि यातलं वेगळं काय ते विचारलं. शिकलेला माणूस ओंडका बाजूला काढतो, कारण बाकीची अवजारं. शेतकरी म्हणाले, सगळी एकत्रच हवीत, ओंडका नसेल तर करवतीने काय कापायचं? मग त्याने कोडं घातलं: दूर उत्तरेला बर्फात सगळी अस्वलं पांढरी असतात, अमुक गाव दूर उत्तरेला आहे, तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? उत्तर आलं, मी तिथे गेलो नाही, जे पाहिलं नाही त्याबद्दल कसं बोलू. हे काम पुस्तकरूपाने यायला चाळीस वर्षं लागली, कारण तिकडच्या सरकारला ते आपल्या शेतकऱ्यांची बदनामी वाटलं. मला ती बदनामी वाटत नाही. न पाहिलेल्याबद्दल बोलू नये ही चांगली शिस्त आहे. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपात ती असती तर बरं झालं असतं.

हे मी का सांगतोय? प्रमाणपत्रासाठी बुद्धिमापनाची चाचणी द्यायला चोपड्याकडून एक आबा आले होते. पक्षाघातानंतर स्मृतीवर परिणाम झालाय का ते पाहायचं होतं. दोन गोष्टींतलं साम्य सांगा, असा चाचणीत एक भाग असतो. ठरलेले शब्द त्यांच्या डोक्यावरून जाताना पाहून मी शेवटी आपल्याकडचे घेतले: केळी आणि कपाशी, यांत सारखं काय? अपेक्षित उत्तर, दोन्ही पिकं. आबा बराच वेळ थांबले. म्हणाले, ‘सारखं? केळीले पाणी जास्त, कपाशीले कमी.’ मी गप्प. मग हसून म्हणाले, ‘दोन्हीसना भाव पडस.’ छापील किल्लीप्रमाणे शून्य गुण. मी अहवालात त्यांचं उत्तर अहिराणीतच उतरवलं आणि खाली लिहिलं की ही व्यक्ती अमूर्त विचार करू शकते. भाव ही वस्तू त्यांनी कुठल्या शेतात पाहिली होती?

शाळा माणसाला प्रश्नापुरता विचार करायला शिकवते. ती नसली की माणूस प्रश्नाच्या मागे कोण आहे, याला हे कशाला हवंय, असा विचार करतो. दोन्ही बुद्धीच आहेत, पण चाचणी पहिलीलाच गुण देते.

संयमाचंही तसंच. मुलासमोर गोड ठेवून ‘थांबलास तर दुप्पट मिळेल’ म्हणण्याचा प्रयोग तुम्हाला अभ्यासाला असेलच. जपानी आणि अमेरिकन मुलांची तुलना करणारा एक अभ्यास २०२२ मध्ये आला. खाऊ समोर असेल तर जपानी मुलं जास्त थांबली, बांधलेली भेटवस्तू असेल तर अमेरिकन मुलं. जपानात सगळ्यांना वाढेपर्यंत खायचं नाही ही सवय. अमेरिकेत नाताळची भेट वेळेआधी उघडायची नाही ही सवय. आपल्या पंगतीत वरण-बट्टीवर तुपाची धार पडलेली असते आणि पाच वर्षांचं पोर श्लोक संपेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसतं. त्याच पोराच्या हातात मोबाइल द्या आणि दहा मिनिटं थांब म्हणा. तेव्हा ‘मुलात संयम आहे का’ हा प्रश्न अर्धा आहे. कशासमोर आहे, ते विचारायला हवं.

मन आतून घडतं की वरून रंगतं, यावर मला सर्वांत पटणारा पुरावा जोन मिलर यांचा आहे, १९८४ चा. त्यांनी शिकागोतल्या आणि म्हैसूरमधल्या लोकांना ओळखीच्या माणसाने केलेलं एखादं वाईट किंवा चांगलं कृत्य सांगायला लावलं आणि त्याने असं का केलं ते विचारलं. अमेरिकन प्रौढांचा कल स्वभावाकडे: तो तसाच आहे. म्हैसूरच्या प्रौढांचा कल परिस्थितीकडे: त्याच्या घरी तेव्हा अमुक चाललं होतं, तो अमुकाचा मुलगा, त्याच्यावर अमुक जबाबदारी. गंमत अशी की आठ वर्षांच्या मुलांत हा फरक जवळजवळ नव्हता. अकराव्या-पंधराव्या वर्षी वाढत गेला आणि प्रौढांत ठळक झाला. म्हणजे हा फरक रक्तात नसतो, तो दर वर्षी थोडा थोडा आत मुरतो. ओट्यावर बसलेल्या माणसांच्या बोलण्यातून मुरतो. ‘असं का केलं रे त्याने?’ या प्रश्नाला मोठी माणसं काय उत्तर देतात, ते पोरं ऐकत असतात.

आणि लाजेची ताकद मोजणारा प्रयोग हवा असेल तर हॉफ आणि पांडे यांचा वाचा. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीतल्या ६४२ मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले. अर्धी मुलं तथाकथित वरच्या जातींतली, अर्धी खालच्या मानलेल्या जातींतली. जात कोणी बोलली नाही तेव्हा दोन्ही गटांची कामगिरी सारखीच. मग सहा मुलांच्या घोळक्यात प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव आणि जात मोठ्याने वाचून दाखवली. खालच्या मानलेल्या जातींतल्या मुलांची कामगिरी तिथल्या तिथे ढासळली. तीच मुलं, तेच कोडं. मला हा प्रयोग वाचल्यावर माझ्या स्वतःच्या शाळेतली हजेरी आठवली. पट वाचताना आमचे एक गुरुजी काही आडनावांवर थांबत. ती मुलं गणितात कच्ची आहेत असं आम्ही सगळे खरंच मानत होतो.

शेतीबद्दल एक गोष्ट, कारण तुम्ही खानदेशात काम करणार. तामिळनाडूतल्या ५४ गावांतल्या ४६४ ऊस उत्पादकांची तोडणीआधी आणि तोडणीनंतर बौद्धिक चाचणी घेतली गेली. तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पैसे हातात येण्याआधीच्या दिवसांत तेच शेतकरी कमी गुण मिळवत होते. अशा सगळ्या अभ्यासांवर नंतर वाद झाले आहेत, त्यामुळे मी त्याला वेदवाक्य म्हणणार नाही. पण भादव्यात माझ्याकडे येणारी माणसं मी पाहतो. कपाशीला बोंड धरायचंय, खताची उधारी झालीय, बँकेचं आणि सावकाराचं दोन्ही आहे. बायको सांगते, हल्ली यांना काही लक्षात राहत नाही, मोटर चालू करून विसरतात. साठीतला माणूस असेल तर पोरांना स्मृतिभ्रंश वाटतो. मी विचारतो, कापूस घरात आल्यावर कसं असतं? कधी उत्तर येतं, दिवाळीला बरे असतात. मग मी स्मृतिभ्रंशाचं औषध लिहायची घाई करत नाही. झोप, दारू आणि जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार, या तीन गोष्टी मात्र त्याच भेटीत विचारतो. शेवटची गोष्ट विचारायला कचरू नका. विचारल्याने डोक्यात भरवली जात नाही. घरी गेल्यावर बोलायला कोणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक कार्डावर लिहून देतो.

अंगात येण्याबद्दल तुमच्या पिढीला फार घाई असते, एकतर अंधश्रद्धा म्हणून झटकायची नाहीतर संस्कृती म्हणून डोक्यावर घ्यायची. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगीला पायी जाणाऱ्यांच्या रांगा निघतात, त्यांत वारं येणाऱ्या बाया असतात. कानबाईसमोर येतं. माझी कसोटी साधी आहे. वेळेला आलं, जागेवर आलं, चारचौघांत आलं, पाणी दिल्यावर गेलं आणि बाई दुसऱ्या दिवशी निंदायला गेली, तर मी त्यात पडत नाही. ज्या सुनेला वर्षभर सासूसमोर आवाज काढायची मुभा नाही, तिच्या तोंडून देवी सासूला खडसावते आणि सासू हात जोडते. ही सोय कोणी ठरवून केलेली नाही, पण सोय आहे. तेच गुरुवारी दुपारी, एकटी असताना, चुलीपाशी येऊ लागलं, थांबेना, तिला स्वतःलाच भीती वाटू लागली, तर मी तिला बोलावतो.

आवाज ऐकू येण्याच्या आजारातसुद्धा समाज आत शिरलेला असतो. तान्या लुहरमन यांनी कॅलिफोर्नियातलं सॅन मातेओ, घानामधलं अक्रा आणि आपलं चेन्नई इथल्या प्रत्येकी २० रुग्णांशी बोलून तुलना केली. अमेरिकन रुग्णांना आवाज परके, हिंसक, डोक्यावर चाल करून आल्यासारखे वाटत. चेन्नईतल्या निम्म्याहून अधिक लोकांना आवाज घरच्यांचे होते, आणि ते कामं सांगत: आंघोळ कर, स्वयंपाक कर. माझ्याही एका रुग्णाला वारलेली आजी दिवसभर ‘ढोरांना पाणी दाखवलं का?’ म्हणून विचारते. आजार तोच, औषध तेच लागलं. पण आजीचा आवाज पूर्ण जावा अशी त्याची इच्छा नव्हती, आणि डोस ठरवताना मी ते ऐकलं.

देवळाच्या बाबतीत एक छोटा अभ्यास आहे, २००२ चा. तामिळनाडूतल्या एका देवळात राहायला आलेल्या ३१ मनोरुग्णांची लक्षणं सुमारे २० टक्क्यांनी कमी झाली. तिथे मोठे विधी नव्हते. राहायला शांत जागा, हलकं काम, घरचं एक माणूस सोबत. तुलनेचा गट नव्हता, हे विसरू नका. आणि आमच्याकडे भगताच्या नादात वर्षं घालवून आलेली, पायात साखळीचे वण घेऊन आलेली पोरंही मी पाहिली आहेत. सातपुड्यात एखाद्या विधवेला डाकीण ठरवतात तेव्हा ती संस्कृती नाही, गुन्हा आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठी आहे आणि बऱ्याचदा तिच्या नावावरची जमीन हे खरं कारण असतं.

सातपुड्याचा विषय निघालाच आहे तर: ‘खानदेशी मानसिकता’ असा शब्द लघुप्रबंधात कृपा करून लिहू नका. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातलं लेवा घर, गिरणाकाठचं अहिराणी बोलणारं कपाशीचं घर आणि धडगावचा पावरा पाडा, तिन्हींत लाज तीन ठिकाणी असते. खाली सपाटीवर मुलीच्या बापाला हुंडा द्यावा लागतो आणि लेक परत आली की घराची मान खाली जाते. वर भिल्ल-पावरांत मुलाकडचे देज देतात. बाई नांदली नाही तर पंच बसतात, देजाचा हिशोब लावतात, आणि तिचं दुसरं घर होऊ शकतं. तिथल्या बायांना त्रास नाही असं नाही, पण ‘मी परत गेले तर बाप तोंड दाखवू शकणार नाही’ हे वाक्य मला शिबिरात ऐकल्याचं आठवत नाही. जळगावात आठवड्याला एकदा ऐकतो.

पाड्यावर माझी भाषाही कमी पडते. एकदा एक माणूस पावरीत पाच मिनिटं बोलला. दुभाषा म्हणाला, ‘झोप येत नाही म्हणतो.’ मी झोपेची गोळी लिहिणार होतो. सोबतच्या नर्सताईंना पावरी येत होती. त्या म्हणाल्या, साहेब, तो म्हणतोय की भाऊ गुजरातेत ऊसतोडीला गेला तो परत आला नाही, रात्री आला तर दार बंद नको म्हणून मी दाराशी बसतो. त्या माणसाला निद्रानाश नव्हता.

आणि हे सगळं पारंपरिकच आहे असंही समजू नका. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे नवीन रुग्ण वाढलाय: तिशी उलटलेला, पाच-सात एकर बागायती, ठिबक, ट्रॅक्टर, आणि लग्न ठरत नाही. मुलींना शेतकरी नवरा नको, पुण्याला नोकरीवाला हवा. ज्या घरांनी एकेकाळी मुली नको म्हटल्या, त्याच घरांच्या दारात आता हे उभं आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या आणि जळगाव त्याहूनही खाली होता. हा मुलगा येतो तो ॲसिडिटीची तक्रार घेऊन. मी विचारतो, यंदा किती हळदींना गेलास? तो म्हणतो, जात नाही. डीजेसमोर त्याच्याहून लहान पोरं नाचतात, आणि कोणीतरी काकू ‘आता तुझाच नंबर’ म्हणते. दुसऱ्या एखाद्या देशात तिशीतला एकटा पुरुष म्हणजे एकटा पुरुष. इथे तो अपूर्ण माणूस असतो.

तेव्हा उत्तर: भीती, शोक, उन्माद, भ्रम मी केळीच्या पट्ट्यात, गिरणाकाठी आणि पाड्यावर, तिन्ही ठिकाणी पाहतो, ते शरीराबरोबरच येतात. पण कोणत्या क्षणी, कोणत्या शब्दांत, कोणासमोर, आणि बरं होणं म्हणजे नक्की काय, हे आजूबाजूची माणसं ठरवतात, आणि ते वरून लावलेलं नसतं. एक धोका मात्र सांगतो. ‘आपल्याकडे असंच असतं’ हे वाक्य मी मारहाण सोसणाऱ्या बाईच्या फाइलवर एका डॉक्टरच्या अक्षरात वाचलंय. संस्कृती समजून घेणं म्हणजे तिची वकिली करणं नव्हे.

विषय हवा होता ना? अमेरिकन मनोविकार वर्गीकरणाच्या २०१३ च्या आवृत्तीत सांस्कृतिक मुलाखतीचे १६ प्रश्न दिले आहेत: हा त्रास तुम्ही घरच्यांना कोणत्या शब्दांत सांगता, तो कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं, अशा धर्तीचे. ते प्रश्न चांगले आहेत, पण मराठीत विचारले की आमची आजीबाई एकदम शाळेत उभी असल्यासारखी बोलू लागते. ते अहिराणीत आणा. ‘तुमले काय वाटस?’ म्हणून सुरुवात करा आणि गप्प बसा. दोन गावं घ्या, तुमच्या ओळखीचं एक आणि अनोळखी एक. प्रत्येकी दहा बाया. त्यांच्या त्रासाला त्या काय नाव देतात, एवढंच उतरवा. नवरा आणि सासू घरात नसतानाची वेळ गाठा, आणि बोलणं कोणाच्या कानावर जाणार नाही याचा शब्द आधी द्या. माझ्या त्या पारोळ्याकडच्या बाईने शेवटी सही केली. मुराळी आला, ती चार दिवस राहून आली. मला म्हणाली, मुंग्या आहेत अजून, त्या चार दिवसांत नव्हत्या. तिने जमीन सोडली हे बरं झालं की वाईट, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. तुमच्या वहीत अशी उत्तरं आली तर ती कुठल्या रकान्यात बसवायची याची चिंता नंतर करू.

पहिल्या दहा मुलाखती झाल्या की वही घेऊन या. मराठीत भाषांतर करून आणू नका.